कान्याचं बोट

माझ्या मेव्हणीसमोर एकदा तोंडातून निघालेला शब्द आजवर कुणालाही परत घेता आलेला नाही. पुढाऱ्याला नाही, तलाठ्याला नाही, आणि मला तर लग्न ठरल्या दिवसापासून नाही. मेव्हणी म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. घरात सगळे त्यांना ताई म्हणतात. त्या मला 'पाहुणे' म्हणतात. लग्नाला बावीस वर्षं झाली, परतुरात आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर आहेत, आठवड्यातून चारदा त्यांच्याकडे चहा होतो, तरी मी आपला पाहुणाच. पहिल्या भेटीत मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा पोहे खाता खाता, समोरच्यांवर जरा छाप पडावी म्हणून मी बोलून गेलो, की भांडी घासायला मला काही कमीपणा वाटत नाही. कोपऱ्यात बसलेल्या एका बाईंची दहाही बोटं मांडीवर भराभर हलताना दिसली. मला वाटलं, बिचारीला काही व्याधी असेल. पुढं कळलं, माझं वाक्य उतरवून घेणं चाललं होतं. तेव्हापासून जेवणं झाली आणि मी पेपर उघडला, की ताई शांतपणे एवढंच म्हणतात, "पाहुणे, पोह्याचा दुसरा घास घेऊन तुम्ही म्हणले होते..." पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी मोरीत असतो.

ताई एका तालुक्याच्या कोर्टात लघुलेखक होत्या. एकतीस वर्षं लोकांच्या साक्षी टाइप केल्या आणि त्या नादात बोटांना एकच खोड लागली, कानावर पडेल ते टाइप करायचं. समोर यंत्र असो की नसो. एस.टी.त पुढच्या सीटच्या दांडीवर, मयतीला गेल्यावर मांडीवर, भाकरी थापताना पिठावर. त्यांच्याकडच्या भाकरीच्या कडेला बारीक खळगे असायचे, आणि माझी बायको ते बघून ओळखायची, की शेजारीण येऊन काहीतरी सांगून गेली आहे. लहानपणी बहिणीजवळ बसून बसून तिला बोटं वाचायला यायची. तिनंच मला शिकवलं, की ताईंचं उजव्या हाताचं मधलं बोट म्हणजे काना. त्यांच्या मराठी कळफलकावर काना त्या बोटाखाली असतो, आणि कान्याशिवाय मराठीत पान हलत नाही, म्हणून ते बोट सगळ्यात जास्त राबतं. त्याच्या टोकाला घट्टा पडलेला होता. दर रविवारी त्या बोटांना तीळतेल लावत. माझ्या लग्नात सगळ्या बायकांनी मेंदी काढली, ताईंनी हात मागं घेतले. "बोटं सरकारी आहेत," म्हणाल्या. रिटायर झाल्यावर मी मुद्दाम विचारलं, आता कुणाची? तर म्हणाल्या, "आता पेन्शनीत आहेत."

चौदा एप्रिलला विहारापुढच्या मांडवात भाषणं होतात, तेव्हा ताई पहिल्या रांगेत बसतात. वक्ते मांडवात शिरताना आधी त्यांच्या मांडीकडं बघून घेतात. एका वर्षी बाहेरगावच्या एका वक्त्यानं दीड तास भाषण केलं. खाली उतरून तो मोठ्या आदरानं त्यांच्यापुढं आला, म्हणाला, "जयभीम ताई, कसं झालं?" ताई म्हणाल्या, "चांगलं झालं. मागच्या वर्षी तिसऱ्या वाक्यात 'बंधूंनो' होतं, यंदा 'बांधवांनो' आलं. बाकी काना-मात्रेचा फरक नव्हता." तो माणूस पुन्हा परतुराला आलेला नाही. त्यात त्यांचा काही दुष्टावा नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं.

पण त्यांच्या कोर्टातली एक गोष्ट ऐकल्यापासून मी या बाईंना वचकून आहे. साक्षीदार बोलतो, साहेब ते नीट करून सांगतात आणि टाइप करणाऱ्यानं साहेबांचं वाक्य टाइप करायचं, अशी तिथली रीत. एक म्हातारा साक्षीदार म्हणाला, "मी मळ्यात गेल्तो." साहेबांनी सांगितलं, "लिहा, मी मळ्यात गेलो होतो." ताईंची बोटं थांबली. "साहेब, साक्षीदार गेल्तो म्हणला." साहेब म्हणाले, "अर्थ तोच आहे ना?" ताई म्हणाल्या, "अर्थ तोच आहे साहेब. माणूस तो नाही." साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "लिहा, गेल्तो." ही गोष्ट ताईंनी स्वतः कधी सांगितली नाही. त्यांच्या कोर्टातल्या शिपायानं सांगितली, आणि सांगताना तो उभा राहिला होता.

मी परतूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतो. तीन वर्षांमागं अकरावीत वैष्णवी नावाची मुलगी आली. चार वर्षांची असताना तापात तिची ऐकण्याची शक्ती गेलेली. कानात मशीन होतं, पण त्यातून नुसता आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. ती ओठ बघून समजून घ्यायची. आणि माझी सवय अशी, की मी फळ्याकडं तोंड करून शिकवतो. म्हणजे तिच्या वाट्याला माझी पाठ. आमच्या प्राचार्यांनी यावर उपाय काढला. बोललेलं लगोलग लिहून दाखवणारं एक ॲप फोनमध्ये घेतलं, फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि त्यातली अक्षरं प्रोजेक्टरनं भिंतीवर पाडली. मी बोलायचं, भिंतीवर उमटायचं, वैष्णवीनं वाचायचं. आम्ही सगळे फार खूश झालो.

आता आमच्याकडची गोष्ट अशी आहे, की आम्ही नुसतं काही करत नाही, आम्ही 'करून राह्यलो' असतो. मी स्वतःला शुद्ध बोलणारा समजत होतो. फोननं पहिल्याच तासाला माझा तो समज काढून टाकला. त्याला 'राह्यलो' हा शब्द ठाऊकच नव्हता. तो दर वेळी प्रामाणिकपणे 'राहुल' लिहायचा. आणि मी 'मंग' म्हणालो की 'मंगल'. वर्गात तिसऱ्या बाकावर एक खराखुरा राहुल होता. दर दोन मिनिटांनी भिंतीवर स्वतःचं नाव बघून पहिले काही दिवस तो उभाच राहायचा. पोरं हसायची, मीही हसायचो, आणि त्या हसण्यात कुणाच्या ध्यानातच आलं नाही, की वैष्णवी हे सगळं मनापासून वहीत उतरवून घेत आहे. पहिल्या चाचणीत निजामाच्या राजवटीविरुद्ध झालेल्या लढ्यावर प्रश्न होता. मी शिकवताना म्हणालो होतो, "लोक गावोगाव लढून राह्यले. मंग पोलीस कारवाई झाली." वैष्णवीनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'या लढ्यात राहुल व मंगल पोलीस यांनी मोलाची कामगिरी केली.' आणि समासात पेन्सिलनं बारीक अक्षरात माझ्यासाठी प्रश्न, 'सर, मंगल ही राहुलची कोण?'

मी आधी हसलो. मग तो पेपर पालथा ठेवला. पोरीनं माझ्यावर विश्वास ठेवून पाठ केलं होतं.

त्यानंतर मी फोनसाठी प्रमाण मराठीत शिकवायला लागलो. एकेक शब्द तोलून, जपून. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून काळजीनं विचारणा झाली, "सर, तब्येत बरी न्हाई का?" अर्धा वर्ग पेंगत होता. त्यातच वैष्णवीचे वडील आले. वाटूर फाट्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान. घरही तिथंच, रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला. पोरगी रोज एस.टी.नं परतुराला ये-जा करायची. माणूस धिप्पाड, हात ग्रीसनं काळे, आणि ओठ दिसणार नाहीत अशी भरघोस झुपकेदार मिशी. चाचणीचा पेपर त्यांच्या खिशात घडी करून ठेवलेला होता. "सर, हे काही खरं न्हाई," ते म्हणाले. "तिला समजून न्हाई राह्यलं. टी.सी. देऊन टाका. बसंल घरी, शिवणकाम शिकंल." मी हातापाया पडून सहामाहीपर्यंत मुदत मागून घेतली. त्यांनी बरं म्हटलं, पण मान हलवताना ते माझ्याकडं बघत नव्हते.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "ताई नुसत्या बसून मांडीवर टाइप करून राह्यल्यात, ते भिंतीवर करतील." इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, याचा अजून राग येतो.

ताई आल्या. मागच्या बाकावर बसून माझा एक तास ऐकला, बोटं मांडीवर चालू. तास संपल्यावर फोन हातात घेऊन त्यांनी उलटसुलट बघितला आणि म्हणाल्या, "याला ऐकू येतं. ओळख नाही. आपली माणसं कशी बोलतात ते याला कुणी सांगितलंच नाही." मी विचारलं, तुम्ही याल का रोज? तर म्हणाल्या, "आदेश लागतो." प्राचार्यांनी अर्ध्या पानाचं पत्र दिलं, त्याच्या खाली ताईंनी 'रुजू' असं लिहून सही केली आणि आम्हा दोघांना उभं करून अट सांगितली. "जसं बोललं तसं लिहीन. काना-मात्रेचा फरक करणार नाही. मंग कुणी सांगितलं तरी." प्राचार्य मान डोलावत होते. मला पोह्याची प्लेट आठवली.

दुसऱ्या दिवशी तासाच्या दहा मिनिटं आधी ताई हजर. काखेत टॉवेलात गुंडाळलेला स्वतःचा कळफलक. दुसऱ्याच्या कळफलकावर टाइप करणं त्यांना दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं वाटतं. तो कॉलेजच्या लॅपटॉपला जोडला, बोटं एकदा मिटून उघडली आणि मी तोंड उघडलं. भिंतीवर आलं, 'सर: बसा. बसा रे. काय करून राह्यला तिकडं.' पुढं कंसात, '(सर खडू शोधतात. खडू सरांच्या खिशात आहे.)' वर्ग हसत सुटला. लगेच पुढची ओळ, '(वर्गात हशा. कारण खडू.)' सगळ्यांचं हसून संपलं, आणि मग एकटी वैष्णवी हसली. मोठ्यानं, जरा वेड्यावाकड्या आवाजात. सगळी पोरं मागं वळून तिच्याकडं बघायला लागली. ती घाबरून तोंडावर हात ठेवून गप्प झाली. मला एकदम जाणवलं, की दहा-बारा वर्षं ही मुलगी वर्गावर्गात बसली, वर्ग हसताना तिनं शेकडो वेळा बघितला, पण कशाला हसले हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

ताईंचं काम बघून मी थक्क होत गेलो, तो आजतागायत थक्कच आहे. त्या पडद्याकडं बघायच्या नाहीत, बोटांकडं बघायच्या नाहीत, बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघायच्या. माझं वाक्य संपायच्या आत भिंतीवरचं संपलेलं असायचं, आणि एकदा तर मी वाक्य अर्धवट सोडलं, तेव्हा भिंतीवर '(सर विसरले.)' हे मला विसरल्याचं कळायच्या आधी आलं. बाहेर एस.टी.नं हॉर्न दिला तर कंसात हॉर्न. पाऊस पत्र्यावर वाजला तर कंसात पाऊस. मागच्या बाकावर कुणी कुजबुजलं तर ती कुजबूज नावासकट. दोन दिवसांत कुजबूज बंद झाली. मी एका तासात 'लक्षात येऊन राह्यलं का' किती वेळा म्हणतो, हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ते भिंतीवर एकाखाली एक उभं राहिलं, तेव्हा मीच हात जोडले. ताई म्हणाल्या, "मी काय करू? तुम्ही म्हणून राह्यले, मी लिहून राह्यले."

त्या भिंतीचा उपयोग वैष्णवीपुरता राहिला नाही. इरफान नावाचा मुलगा दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेला होता. मराठी फडाफडा बोलायचा, पण वाचताना अडखळायचा. एक दिवस माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, पहले बोलते सो समझता था, लिखेला नहीं समझता था. अब दोनों एक साथ आरा." गोविंदला अक्षरं जागच्या जागी दिसायची नाहीत, ओळ वाचता वाचता दुसऱ्याच ओळीत जायचा. सरकती अक्षरं बघून त्याला गरगरायला लागलं. ताईंनी त्याला शेजारी बसवून घेतलं, अक्षर मोठं केलं, भिंतीवर एका वेळी तीनच ओळी ठेवल्या आणि माझा श्वास जिथं तुटतो तिथं ओळ तोडायला सुरुवात केली. "शब्द बदलणार नाही," म्हणाल्या. "ओळ कुठं तोडायची ते माझ्या हातात आहे." आठ दिवसांनी गोविंदनं आपण होऊन हात वर केला आणि भिंतीवरची ओळ उभं राहून वाचली. ताईंनी ती परत टाइप केली, पुढं लिहिलं, '(गोविंदनं वाचली.)' तो कंस गोविंद कितीतरी वेळ बघत उभा होता.

आणि हसण्याचं. ते मी कुणाला शिकवलं नाही, ताईंनीही नाही. पोरांनी आपसांत काय ठरवलं कुणास ठाऊक, पण दिवाळी जवळ आली तेव्हा मला दिसलं, की कुणी विनोद केला तर वर्ग तोंड दाबून भिंतीकडं बघत बसतो. ओळ पुरी होते. मग सगळे एकदम हसतात. वैष्णवीसकट. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा फळ्याकडं तोंड केलं, पण शिकवायला नाही.

सहामाहीत वैष्णवी वर्गात तिसरी आली. राहुल आणि मंगल इतिहासातून कायमचे गेले. मला वाटलं, जिंकलो. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचे वडील आले, तेव्हा मी गुणपत्रिका पुढं करून त्यांच्या कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. ते म्हणाले, "टी.सी. द्या सर."

तास नुकताच संपला होता. वर्गात मी, वैष्णवी आणि कळफलक गुंडाळायला टॉवेल हातात घेतलेल्या ताई. वडील भिंतीकडं पाठ करून माझ्यासमोर बसले. मी विचारलं, आता कशापायी? पोरगी तिसरी आली की. ताईंनी टॉवेल बाजूला ठेवला. गोविंद नव्हता, म्हणून आता तीन ओळींचं बंधन नव्हतं. वडिलांच्या मागच्या भिंतीवर माझा प्रश्न उमटला, आणि वैष्णवी तिकडं बघायला लागली. वडिलांना त्याचा पत्ता नव्हता.

"मार्काचं न्हाई सर," ते म्हणाले. "मला झेपून न्हाई राह्यलं. पोरगी न्हाई, जीवाला घोर हाय. कधी कधी तं वाटतं, झालीच नसती तं सुटलो असतो."

मी ताईंकडं बघितलं. डोळ्यांनी, हातांनी, होती नव्हती तेवढी सगळी विनवणी केली, की हे नको. ताई माझ्याकडं बघतच नव्हत्या. त्या वडिलांच्या तोंडाकडं बघत होत्या, आणि बोटं चालू होती. भिंतीवर अक्षर न् अक्षर आलं. 'झालीच नसती तं सुटलो असतो.' वैष्णवीनं ते वाचलं. तिच्या चेहऱ्यावरचं मला बघवेना. खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मेव्हणीइतकी निर्दय बाई मी आयुष्यात पाहिली नव्हती. खाली ओळ आली, '(कुणी बोलत नाही.)'

मग ते परत बोलायला लागले, जमिनीकडं बघत. "सांच्याला पाचची गाडी येती. गाडी दिसली की मी पाना खाली ठेवतो अन् उभा राहतो. ही उतरती, रस्ता वलांडती. त्या फाट्यावर चारी बाजूंनी गाड्या. एकदा मागून टँकरवाला हॉर्न देऊन राह्यला, अन् ही आपली चालून राह्यली. तवापासून माझं काळीज ठिकाणावर न्हाई. गिऱ्हाईक शिव्या देतं, मी बसत न्हाई. ही दुकानापुढून घरात गेली की मंग बसतो. हात धरून आणली तं बाकीच्या पोरी हसतील तिला. रोज मरून राह्यलो सर. अजून दीड वर्ष न्हाई व्हायचं माझ्यानं."

"रोज?"

वैष्णवीनं विचारलं होतं. तिच्या त्या सपाट आवाजात. वडील दचकले, तिच्या नजरेच्या रोखानं मागं वळले आणि त्यांना भिंत दिसली. टोपी काढून ते खालून वर सावकाश वाचत गेले. 'झालीच नसती'ची ओळ आल्यावर थांबले.

"हे मी म्हणलो?"

"हो," ताई म्हणाल्या. "जसं म्हणले तसं."

"वरची ओळ पुसा बाई."

"पुसता येत नाही," ताई म्हणाल्या. "पुढं बोला. ते लिहिते."

तो धिप्पाड माणूस लेकीकडं वळला आणि काहीतरी पुटपुटला. ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली, मग नेहमीसारखी भिंतीकडं वळली. भिंतीवर आलं, 'चुकलो बाळा. मला तसं म्हणायचं नव्हतं. तुझ्याबिगर मी काय करू.' तिनं ते दोनदा वाचलं असावं. मग डोळे पुसून म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही गिऱ्हाईकासाठी उभे राहता. मला वाटायचं तुम्ही बोलतच नाही." आणि जरा थांबून, "पप्पा, मिशी काढा. तुमचं बोलणं मला दिसत नाही."

टी.सी.चा विषय त्यानंतर निघाला नाही. रस्त्याचं काय करायचं ते बापलेकीनं आपसांत ठरवलं. तो खाली बसून पंक्चर काढेल, आणि ती उतरली की आधी त्याच्याकडं बघेल. त्यानं पाना वर केला तर रस्ता वलांडायचा, नाहीतर थांबायचं. दुसऱ्या दिवशी तो माणूस फाट्यावर सफाचट मिशी काढून बसला. आमच्याकडं मिशी काढतात ती घरातलं मोठं माणूस गेल्यावर. दिवसभर येणारा-जाणारा गाडी थांबवून, आवाज खाली करून विचारायचा, "कोण गेलं?" आणि तो पंक्चर काढता काढता प्रत्येकाला सांगायचा, "कुणी न्हाई. पोरीला माझं बोलणं दिसत नव्हतं."

मी मात्र ताईंवर दोन दिवस रुसलो होतो. तिसऱ्या दिवशी चहाला गेलो आणि विचारलंच. ती एक ओळ गाळली असती तर काय बिघडलं असतं? तुम्ही काही कोर्टात नव्हता. ताईंनी साखर ढवळली. "एक ओळ गाळली की अख्खी साक्ष जाते, पाहुणे. उद्या तिला कळलं असतं, की बाई मला वाईट वगळून चांगलं तेवढंच दाखवते. मंग 'तुझ्याबिगर मी काय करू' हे तिनं खरं कशावरून मानलं असतं?" मी कप तोंडाला लावला. बोललो असतो तर तेही लिहिलं गेलं असतं.

वैष्णवी बारावी झाली. आता जालन्याला कॉलेजात आहे, होस्टेलवर राहते. तिथल्या वर्गात म्हणे फोनच लिहितो, आणि आताचे फोन पुष्कळ शहाणे झालेत. ताईंनी यंदा येणं बंद केलं. संधिवात. नेमका उजव्या हातात, नेमका मधल्या बोटात. आमच्या वर्गातल्या भिंतीवर अक्षरं पडायची ती पांढरी चौकट तेवढी राहिली आहे. मी अजून तिकडं बघून बोलतो, फळ्याकडं तोंड करत नाही.

गेल्या रविवारी त्यांच्याकडं चहाला बसलो होतो. बरेच दिवस मनात होतं ते म्हणून टाकलं. "ताई, वीस वर्षं मी फळ्याला शिकवून राह्यलो होतो. पोरांना शिकवायचं तुमच्यामुळं कळलं." म्हणता म्हणता माझं लक्ष त्यांच्या मांडीवर गेलं. बोटं चालू होती, पण सावकाश, आणि मधलं बोट उठतच नव्हतं. ते आपलं आडवं पडून होतं, बाकीची त्याच्या आजूबाजूला वाकून काम करत होती. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"काना पडत नाही आता," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, शेजारच्या बोटानं दाबा की. "ते 'स'चं बोट आहे," त्या म्हणाल्या. "त्यानं काना दाबला तर 'स' कोण दाबील?" मग त्यांनी फोन माझ्यापुढं केला. फोनलाही त्यांनी आपला तोच जुना कळफलक जोडलेला आहे, अंगठ्यानं टाइप करणं त्यांना कमीपणाचं वाटतं. वैष्णवीला सकाळी पाठवलेला मेसेज होता. 'जेवलीस क. अभ्यस कर. पप्प कसे अहेत.' खाली तिचं उत्तर, सगळ्याचं नीट, ओळीनं.

"तिला लागतं हे?" मी विचारलं.

"लागतं. काना तिच्या पदरचा घालून वाचते." ताईंनी दुसऱ्या हातानं ते बोट हळूच चोळलं. "अजून तरी काना-मात्रेचा फरक पडला नाही."

मी उठलो आणि कपबश्या घासायला घेतल्या.